वारे गेल्यावर कोण उठतो?

महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पक्षाघाताला आजही 'अंगावरून वारे गेले' असे म्हणतात. या शब्दप्रयोगात एक प्रकारची शरणागती आहे. वारे कोठून आले आणि ह्याच माणसावरून का गेले, हे विचारायचे नसते. माणूस पडला, आता उठला तर देवाची कृपा, न उठला तर त्याचे प्राक्तन. शहरांतील सुशिक्षित घरांत 'स्ट्रोक' हा शब्द रुळला असला तरी त्यामागची समजूत फारशी निराळी नाही. तेथे प्राक्तनाच्या जागी मोठ्या डॉक्टरचे नाव आणि रुग्णालयाचे बिल येते, एवढेच.

गेल्या तीस-चाळीस वर्षांत वैद्यकशास्त्राने जमविलेला पुरावा मात्र वेगळे सांगतो. झटक्यानंतर कोण पुन्हा चालू लागला, कोण अंथरुणाला खिळला आणि कोण महिन्याच्या आत दगावला, याचा हिशेब मांडला तर त्यात मेंदूच्या रक्तवाहिन्यांइतकाच रस्त्यांचा, परिचारिकांचा, मजुरीचा आणि घरातील बाईच्या श्रमांचा वाटा आढळतो. म्हणूनच हा विषय केवळ वैद्यांवर सोपवून चालणार नाही.

प्रथम शरीराचा वाटा मान्य केला पाहिजे. तो नाकारणे म्हणजे रोग्याची फसवणूक होईल. पक्षाघात मुख्यतः दोन तऱ्हांचा. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून पुढचा रक्तपुरवठा बंद पडतो, किंवा रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. भारतात पहिल्या तऱ्हेचे रोगी सुमारे चार पंचमांश असतात. दुसऱ्या तऱ्हेचे कमी, पण त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण अधिक. मेंदूचा कोणता आणि किती भाग गेला, रोग्याचे वय काय, आधी एखादा झटका येऊन गेला आहे काय, मधुमेह आहे काय, यांवर पुढचे पुष्कळसे ठरते. १९२२ च्या मे महिन्यात लेनिनला पहिला झटका आला आणि मार्च १९२३ मधील झटक्याने त्याची वाचा गेली. जर्मनीतून नामांकित मज्जातंतुतज्ज्ञ आणले गेले, एका राज्यसत्तेची सारी साधने हाताशी होती, क्रुपस्काया जवळ बसून त्याला एकेक शब्द पुन्हा शिकवीत होती. २१ जानेवारी १९२४ रोजी तो वारला, तेव्हा शवविच्छेदनात मेंदूच्या रक्तवाहिन्या चुना साचल्यासारख्या कठीण होऊन बुजत आलेल्या दिसल्या. अशा शरीरापुढे कोणाचेच काही चालले नसते. उलट लुई पाश्चरला १८६८ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी झटका आला आणि त्याची डावी बाजू लुळी पडली. ती पूर्ववत कधीच झाली नाही. परंतु वाचा शाबूत राहिली, पत्नी मजकूर उतरवून घेत होती, प्रयोगशाळेत सहकाऱ्यांचे हात होते; पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावरील लस त्याने त्यानंतर सतरा वर्षांनी, १८८५ मध्ये माणसाला टोचविली. बरे होणे म्हणजे हातपाय पहिल्यासारखे होणे नव्हे, उरलेल्या शक्तीनिशी पुन्हा आपल्या कामाला लागता येणे, हे पाश्चरच्या आयुष्यावरून ध्यानात यावे.

आता जेथे शरीराचा वाटा सारखाच धरता येईल अशा ठिकाणांकडे पाहावे. केरळातील तिरुवनंतपुरम येथे शहरी आणि ग्रामीण अशा दोन्ही भागांतील पक्षाघाताच्या रोग्यांची नोंद ठेवण्यात आली. तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. झटक्यानंतर अठ्ठावीस दिवसांत शहरातील २४.५ टक्के रोगी दगावले, ग्रामीण भागातील ३७.१ टक्के. एकच प्रदेश, एकच भाषा, जवळपास एकच आहार. आणि हे केरळ, ज्याच्या आरोग्यसेवेचा दाखला सारा देश देतो. मुंबईत २००५ व २००६ या दोन वर्षांत झालेल्या पाहणीत हाच आकडा ३० टक्क्यांच्या आसपास होता. गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' या संस्थेने ८६ गावांत, सुमारे ९४ हजार लोकवस्तीत, एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या काळातील प्रत्येक मृत्यूचे कारण तपासले. हिवताप आणि कुपोषण यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या त्या मुलखात मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण पक्षाघात निघाले. शंभरातील चौदा मृत्यू त्याने झालेले होते. त्या मृतांपैकी ८७ टक्के माणसे घरीच वारली. पक्षाघात हा खात्यापित्यांचा, खुर्चीत बसणाऱ्यांचा रोग आहे, असे अजून मानणाऱ्या कार्यकर्त्यांनी हा शेवटचा आकडा पुन्हा वाचावा.

घरीच वारली, याचा अर्थ काय? गुठळीच्या पक्षाघातात गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. १९९५ मध्ये अमेरिकेतील चाचणीने तीन तासांपर्यंत त्याचा उपयोग सिद्ध केला. २००८ मध्ये युरोपातील चाचणीने ती मुदत साडेचार तासांवर नेली. मोठी गुठळी मांडीच्या रक्तवाहिनीतून नळी घालून बाहेर ओढण्याची पद्धत २०१५ नंतर सर्वमान्य झाली. रक्त थांबलेल्या मेंदूत मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा हिशेब आहे. इंजेक्शनापूर्वी सी.टी. स्कॅन आवश्यकच असतो. कारण गुठळी आहे की रक्तस्राव, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही आणि रक्तस्रावात हेच औषध प्राण घेईल. आता पाड्यावरचा किंवा वस्तीवरचा माणूस डोळ्यांसमोर आणावा. संध्याकाळी तोंड वाकडे होते, हात गळून पडतो, जीभ जड होते. 'थकवा आला असेल, सकाळी पाहू' म्हणून रात्र जाते. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. ती येते तीही जवळच्या दवाखान्यापर्यंत नेते. तेथून ग्रामीण रुग्णालय, तेथून उपजिल्हा रुग्णालय, तेथून जिल्ह्याचे ठिकाण. प्रत्येक ठिकाणी एक चिठ्ठी मिळते आणि चिठ्ठीवर 'पुढे न्यावे' असे लिहिलेले असते. साडेचार तास अशा चिठ्ठ्यांतच संपतात. मग कोणी कबुतराचे रक्त चोळणाऱ्याकडे नेले, कोणी 'वाऱ्याचे औषध' देणाऱ्याकडे, तर त्याला अडाणी म्हणून हसण्याचा अधिकार ज्याने रस्ता केला नाही त्याला नाही.

हे दुर्गम भागात अशक्य आहे असे मात्र कोणी सांगू नये. हिमाचल प्रदेश हे डोंगराळ राज्य आहे आणि मज्जातंतुतज्ज्ञ तेथेही दोन-तीन शहरांतच बसतात. त्या राज्याने २०१४ मध्ये जिल्हा पातळीवरील साध्या फिजिशियनना शिकवून तयार केले, स्कॅनची छायाचित्रे मोबाईलवरून वैद्यकीय महाविद्यालयातील तज्ज्ञाकडे पाठविण्याची सोय केली आणि ते महागडे इंजेक्शन सरकारी खर्चाने फुकट दिले. तज्ज्ञ जागचा हलत नाही. त्याचा सल्ला हलतो. सह्याद्री हिमालयाहून दुर्गम नाही.

परंतु इंजेक्शनाच्या कथेत एक धोका आहे. ती इतकी चमकदार आहे की तिच्या उजेडात बाकीचे दिसेनासे होते. इंजेक्शनाच्या वेळेत पोचणारे रोगी थोडे, आणि रक्तस्रावाच्या रोग्यांना तर त्याचा उपयोगच नाही. सर्वांच्या उपयोगी पडणारी गोष्ट निराळी आहे आणि ती अगदी साधी आहे. पक्षाघाताच्या रोग्यांना रुग्णालयात विखरून न ठेवता एका कक्षात, ह्या कामात मुरलेल्या परिचारिका, डॉक्टर आणि भौतिकोपचारतज्ज्ञ यांच्या हाती ठेवले तर मृत्यू आणि परावलंबित्व दोन्ही घटतात. रोगी तरुण असो वा म्हातारा, पुरुष असो वा स्त्री, झटका सौम्य असो वा तीव्र, हा फायदा टिकतो. अनेक देशांतील चाचण्या एकत्र करून हे पुनःपुन्हा तपासलेले आहे. अठ्ठावीस देशांतील बारा हजारांहून अधिक रोग्यांच्या २०१८ मधील अभ्यासातही ज्या दोन गोष्टींचा चांगल्या परिणामांशी संबंध दिसला, त्या म्हणजे असा कक्ष आणि गुठळी रोखणारी ॲस्पिरिनसारखी औषधे. ॲस्पिरिनची गोळी चहाच्या कपाहून स्वस्त आहे.

अशा कक्षात नेमके घडते काय? ऑस्ट्रेलियातील एकोणीस रुग्णालयांत झालेली आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेली एक चाचणी याचे उत्तर देते. काही रुग्णालयांतील परिचारिकांना तीन गोष्टींचे नियम शिकविले: ताप आला की तत्काळ उतरविणे, रक्तातील साखर मोजून ताब्यात ठेवणे आणि रोग्याला गिळता येते की नाही हे तपासल्याखेरीज त्याच्या तोंडात काहीही न घालणे. तीन महिन्यांनी त्या रुग्णालयांतील ४२ टक्के रोगी मृत किंवा परावलंबी होते; जेथे हे शिकविले नव्हते तेथे ५८ टक्के. नवे यंत्र नाही, नवे औषध नाही. एक थर्मामीटर, बोटातून रक्ताचा थेंब, आणि पाण्याचा एक घोट देऊन ठसका लागतो काय हे पाहणारी शहाणी नजर. आपल्याकडे अर्धवट शुद्धीतील रोग्याच्या तोंडात नातेवाईक मायेने चमच्याने चहा ओततात. तो चहा फुप्फुसात जातो, चौथ्या-पाचव्या दिवशी न्यूमोनिया होतो, आणि 'वाऱ्याने गेला' असे म्हटले जाते. त्याला आधी तपासणारी परिचारिका त्या वेळी कोठे होती? ती रात्रपाळीला एकटी होती आणि तिच्याकडे सारा वॉर्ड होता. दर दोन तासांनी कूस बदलायची म्हटले तर तिने किती जणांची बदलावी?

येथे कार्यकर्त्यांनाही दोन शब्द ऐकवणे भाग आहे. आरोग्याच्या प्रश्नावर मोर्चा निघतो तेव्हा मागणीपत्रात बहुधा सुपर-स्पेशालिटी रुग्णालय असते, एम.आर.आय. यंत्र असते. शासनालाही ही मागणी सोयीची वाटते. इमारतीला कंत्राटदार लागतो, यंत्राला पुरवठादार लागतो आणि दोहोंची फीत कापता येते. परिचारिकेच्या रिक्त जागेवर कायम नेमणूक झाली तर फीत कोठे बांधणार? त्यामुळे यंत्र येते आणि ते चालविणारा येत नाही. कक्ष बांधला जातो आणि परिचारिका कंत्राटावर, अकरा महिन्यांसाठी घेतल्या जातात. पक्षाघाताच्या शुश्रूषेत मुरायला लागणारा काळ अकरा महिन्यांच्या तुकड्यांत बसत नाही.

रुग्णालयातून घरी आल्यावर खरी लढाई सुरू होते. मेंदूचा मेलेला भाग पुन्हा जिवंत होत नाही. परंतु शेजारचा शाबूत भाग त्याचे काम काही अंशी उचलू शकतो. मात्र ते आपोआप होत नाही. १९९६ मध्ये माकडांवर झालेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात दिसले की, मेंदूला इजा झाल्यावर हाताचा सराव करून घेतला तर हाताची हालचाल सांभाळणारा शाबूत भाग टिकून राहतो, आणि हात तसाच पडू दिला तर तोही आक्रसतो. माणसाची सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगाने होते, त्यानंतरही ती मंद गतीने चालू राहते. तेव्हा वाटी उचलणे, गुंडी लावणे, उंबरा ओलांडणे, हेच शेकडो वेळा, रोज. यात घाईही अपायकारक ठरू शकते: पाच देशांतील दोन हजारांवर रोग्यांच्या २०१५ मधील चाचणीत पहिल्या चोवीस तासांतच वारंवार आणि अधिक वेळ उठवून चालविलेल्यांची प्रकृती इतरांहून कमी सुधारली. कधी सुरू करावे, किती करावे, दुखावलेला खांदा कसा धरावा, हे जाणणारा माणूस त्यासाठी लागतो.

तो माणूस तालुक्याच्या गावी सहसा नसतो. ही महाराष्ट्राला शोभणारी गोष्ट नाही. व्यवसायोपचाराचे देशातील पहिले विद्यालय १९५० मध्ये कमलाबाई निंबकर यांनी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू केले. भौतिकोपचाराचे शिक्षणही देशात प्रथम तेथेच सुरू झाले. हाजी अलीजवळची अखिल भारतीय पुनर्वसन संस्था १९५५ पासून उभी आहे. मुळे येथे रुजली, सावली मात्र महानगरांपुरतीच पडली. आयुष्मान भारत योजनेत रुग्णालयातून सुटल्यानंतरच्या पंधरा दिवसांपर्यंतचा खर्च धरला जातो. सुधारणेचा काळ महिन्यांचा आणि विम्याचा काळ पंधरवड्याचा. पुढचे फिजिओथेरपीचे पैसे, एस. टी.चे भाडे आणि रोग्याबरोबर जाणाऱ्याची बुडालेली मजुरी ज्याची त्याने सोसायची.

यावर एक स्वस्त तोड सुचविली जाते: घरच्यांनाच शिकवा, तेच व्यायाम करून घेतील. भारतातील चौदा रुग्णालयांत १,२५० रोग्यांवर ही कल्पना रीतसर पारखण्यात आली. २०१७ मध्ये निष्कर्ष आले. घरच्यांना शिकविलेल्या गटात सहा महिन्यांनी ४७ टक्के रोगी मृत किंवा परावलंबी होते. न शिकविलेल्या गटातही ४७ टक्केच. घरच्यांनी माया कमी केली असे नव्हे. ज्या घरात पाणी भरणे, स्वयंपाक, मजुरी आणि मुले सांभाळून उरलेल्या वेळात सून वा बायको सासऱ्याचा किंवा नवऱ्याचा हात शंभर वेळा उचलायला बसते, तेथे तिच्याकडून तज्ज्ञाचे काम होणार कसे? 'कुटुंब' हा शब्द सरकारी कागदावर लिहिला जातो तेव्हा त्याचा अर्थ बहुधा एक बाई असा असतो, आणि तिच्या श्रमाला मजुरी नसते. तीच बाई स्वतः पक्षाघाताने पडली तर तिच्यासाठी घरात 'कुटुंब' उरत नाही, हा त्याचा दुसरा भाग.

आता मजुरीचा प्रश्न. १९४८ च्या कायद्याने उभी राहिलेली कर्मचारी राज्य विमा योजना पात्र कामगाराला अर्धांगवायूसारख्या दीर्घ आजारात रोजच्या सरासरी वेतनाच्या ८० टक्के भत्ता दोन वर्षांपर्यंत देते. कामगार चळवळीने मिळविलेल्या आणि फारशा न गाजलेल्या हक्कांपैकी हा एक आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सरकारी आस्थापनेतील कर्मचाऱ्याला नोकरीत असताना अपंगत्व आले तर त्याला काढून टाकता येत नाही. ते काम झेपत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे द्यावे लागते. म्हणजे असे संरक्षण कसे असावे हे देशाला ठाऊक आहे. ते किती जणांना मिळते, हे पाहिले की चित्र पालटते. ऊसतोडीला जाणारी नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. दोघांतील एकाला फडावर वारे गेले तर कोयता मोडतो. मुकादमाकडून घेतलेली उचल मोडत नाही. जो अजून धडपणे उभाही राहू शकत नाही त्याला ती फेडायला पुढच्या हंगामात जावे लागते, किंवा त्याच्या जागी मुलाला शाळा सोडून जावे लागते. रक्तदाबाच्या गोळ्या अशा घरात सर्वांत आधी बंद होतात.

मनाची अवस्थाही याच परिस्थितीत घडते. पक्षाघातातून वाचलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश रोग्यांना नैराश्य ग्रासते, आणि खिन्न माणूस व्यायाम करीत नाही. घरचे त्याला आळशी म्हणतात. डाव्या मेंदूला इजा झालेल्यांची भाषा जाते; समजते पण बोलता येत नाही, किंवा बोलतो ते जुळत नाही. गाव त्याला वेडा ठरविते. वाचोपचार करणारा, आणि तोही त्याच्या बोलीत करणारा माणूस जिल्ह्यात एखादा असला तर नशीब.

एकदा झटका आलेल्याला दुसरा येण्याचा धोका मोठा असतो आणि दुसरा सहसा पहिल्याहून वाईट असतो. तो टाळण्याचा मार्ग म्हणजे रक्तदाब ताब्यात ठेवणे आणि तंबाखू सोडणे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी २४ आणि स्त्रियांपैकी २१ टक्क्यांना उच्च रक्तदाब आढळला. २०१७ पासूनच्या रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्र आरंभीच्या पाच राज्यांत होता. साधा उपचारक्रम, गावाजवळ गोळ्या आणि प्रत्येक रोग्याचे कार्ड, एवढ्या भांडवलावर तो चालतो. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या नावात २०१० मध्ये कर्करोग, मधुमेह आणि हृदयविकार यांच्या जोडीला पक्षाघात हा शब्द स्पष्टपणे होता. २०२३ मध्ये नाव आटोपशीर करताना 'असंसर्गजन्य रोग' एवढेच ठेवले गेले. नावाने रोगी बरे होत नाहीत हे खरे. पण अंदाजपत्रकात ज्याला स्वतंत्र नाव नाही त्याच्या नावाने पैसा मागणे अवघड जाते.

पुढच्या हंगामापूर्वी ज्या गावांतून मजूर बाहेर पडतात त्या गावांत आशा सेविकांच्या मदतीने झटका येऊन गेलेल्यांची यादी करणे कठीण नाही. कोणाच्या गोळ्या बंद आहेत, कोणाला अपंगत्वाचा दाखला मिळालेला नाही, कोणाला राज्य विम्याचा भत्ता लागू असूनही कारखान्याने सांगितलेला नाही, हे त्या यादीतून कळेल. तीच यादी घेऊन जिल्हा शल्यचिकित्सकांसमोर जावे, आणि रात्रपाळीला किती परिचारिका असतात तो आकडा त्यांच्याकडून लेखी घ्यावा.